वाड्यांतील स्वयंपाकघर : जतन व नूतनीकरण

जुन्या वाड्यांत, गढ्यांत व धाब्याच्या घरांत असलेल्या स्वयंपाकघराची मूळ रचना ओळखून ती टिकविणे, बिघडलेले भाग मूळ साहित्यात दुरुस्त करणे आणि आजच्या गरजेच्या सोयी मूळ वास्तूस धक्का न लावता तीत बसविणे, या तिन्ही कामांचा समावेश ‘जतन व नूतनीकरण’ या संज्ञेत होतो. वाड्याचा दरवाजा, दिवाणखाना, कोरीव खांब व देवघर यांकडे अभ्यासकांचे आणि मालकांचे लक्ष सहसा जाते. स्वयंपाकघराकडे ते क्वचितच जाते. वस्तुतः घरातील सर्वांत अधिक वापरली जाणारी, अग्नी आणि पाणी यांच्याशी रोज संबंध येणारी आणि म्हणूनच सर्वांत अधिक वेळा बदललेली खोली हीच होय. त्यामुळे जुन्या घराच्या ऱ्हासास अनेकदा येथूनच प्रारंभ होतो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात घरबांधणीच्या दोन निरनिराळ्या पद्धती शेजारीशेजारी आढळत असल्याने या विषयाच्या विवेचनास तो जिल्हा विशेष सोयीचा आहे.

प्रदेश व घरांचे प्रकार : जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच तालुक्याच्या सीमेवर असून घाटघर, भंडारदरा या परिसरात पावसाळ्यात काही हजार मिमी. पाऊस पडतो. याउलट पूर्वेकडील व दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे हे तालुके पर्जन्यछायेत येत असून तेथील वार्षिक पाऊस सर्वसाधारणपणे ५०० ते ६०० मिमी.च्या आसपास असतो. पावसातील या तफावतीमुळे घरांची छपरे बदलतात आणि छपराबरोबर स्वयंपाकघरातील धुराची वाटही बदलते. अकोल्याच्या डोंगराळ भागात उतरती, पूर्वी गवताने व पुढे कौलांनी शाकारलेली घरे आढळतात. त्यांत चुलीचा धूर माळ्यातून वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडतो आणि जाता जाता माळ्यावर ठेवलेले धान्य व बियाणे कोरडे ठेवतो. पूर्वेकडील सपाट प्रदेशात धाब्याची किंवा माळवदाची घरे असतात. त्यांच्या सपाट मातीच्या छतातून धूर झिरपून जाऊ शकत नाही. म्हणून छतात ‘साणे’ नावाचे भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून उजेड आत येतो व धूर बाहेर जातो. पावसाळ्यात त्यावर दगड, पत्रा किंवा पालथे मडके झाकण म्हणून ठेवण्याचा प्रघात होता.

अहमदनगर शहराची स्थापना मलिक अहमद निजामशाह याने १४९० च्या सुमारास केली. निजामशाहीचा शेवट १६३६ मध्ये झाला. तथापि तिच्या काळात कापूरवाडी, शेंडी इ. ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणण्याची जी व्यवस्था झाली, तिने शहरातील हौद व कारंजी दीर्घकाळ भरली. घराजवळ वाहते पाणी मिळणे ही गोष्ट स्वयंपाकघराच्या रचनेवर परिणाम करणारी होती. जिल्ह्यात आज दिसणारे वाडे मात्र मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. कोपरगाव येथे रघुनाथराव पेशवे यांचे वास्तव्य होते. श्रीगोंदे येथे शिंदे घराण्याचे वाडे आहेत. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकर यांचे जन्मस्थान (१७२५) असून तेथील शिंदे घराण्याची वास्तू स्मारक म्हणून जपण्यात आली आहे. अशा प्रसिद्ध वास्तूंखेरीज पाटील, देशमुख, देशपांडे, सावकार व व्यापारी यांची असंख्य घरे गावोगावी असून जतनाचा खरा प्रश्न या निनावी घरांचा आहे.

स्थान व रचना : वाड्याची मांडणी चौकाभोवती असते. दरवाजा, देवडी, चौक, ओसरी किंवा सोपा, माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. स्वयंपाकघराला लागून एका बाजूस देवघर व कोठीघर, तर दुसऱ्या बाजूस परसदार, आड, मोरी व न्हाणीघर असते. मोठ्या वाड्यांत स्वयंपाकासाठी स्वतंत्र चौक असे. राजवाड्यातील पाकशाळेस ‘मुदबखखाना’ किंवा ‘मुदपाकखाना’ म्हणत. हा शब्द ‘मतबख’ (पाकगृह) या अरबी शब्दावरून मराठीत रूढ झाला. खोलीचे माप खणांत सांगण्याची पद्धत होती. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. सामान्य घरातील स्वयंपाकघर दोन ते तीन खणांचे असे.

या खोलीतील सर्व व्यवहार जमिनीवर बसून होत असे आणि तिची प्रत्येक गोष्ट त्याच मापाने ठरलेली असे. मातीची चूल, तिला जोडलेले दुय्यम तोंड म्हणजे वैल, चुलीमागील भांडी ठेवण्याचा उंचवटा म्हणजे भाणवस, बसलेल्या माणसाच्या हाताला येतील असे कोनाडे व दिवळ्या, भिंतीतील फडताळ, आढ्याला टांगलेले शिंके, कोपऱ्यातील मडक्यांची उतरंड, पाण्याची घडवंची, जमिनीत पुरलेले उखळ, जाते व पाटा-वरवंटा ही या खोलीची कायमची अंगे होत. खिडकी असल्यास ती लहान व बहुधा खाली असे. धान्य साठविण्यासाठी भिंतीच्या जाडीत किंवा दोन भिंतींमध्ये बळद आणि जमिनीखाली पेव असे. नूतनीकरणात या वस्तूंची मापे महत्त्वाची ठरतात. कारण उभ्याने काम करण्याची पद्धत आल्यावर ही सर्व रचना एकाच वेळी ‘खाली’ पडली आणि निरुपयोगी वाटू लागली.

बांधकाम व त्याचे कार्य : जोते व भिंतींचा खालचा भाग काळ्या पाषाणात, वरचा भाग भाजलेल्या वा कच्च्या विटांत किंवा पांढऱ्या मातीत, आतील सांगाडा लाकडी खांब-तुळयांचा आणि छत कडीपाटाचे, ही येथील बांधकामाची सामान्य पद्धत होय. कड्यांवर पाट, त्यांवर काड्या-फोक किंवा पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर घट्ट बडवलेली पांढरी किंवा खारी माती असे धाब्याचे थर असतात. ही माती भिजल्यावर फुगून बारीक भेगा मिटविते व पाणी पन्हळांकडे वाहून जाऊ देते. मात्र उतार राखणे, गवत उपटणे व पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरून बडविणे ही कामे दरवर्षी करावी लागतात.

अशा घराच्या भिंती, जमीन व छत ही सच्छिद्र असतात. त्यांत ओलावा शिरतो आणि तो बाष्परूपाने बाहेरही पडतो. स्वयंपाकघरातील रोजच्या चुलीने या देवाणघेवाणीस मदत होई : चुलीच्या उबेने कड्या व छताची माती कोरडी राहत असे, वर चढणाऱ्या उष्ण हवेमुळे साण्यातून सतत ओढ राही आणि धुरामुळे किडींचा उपद्रव कमी होई. शेणाने सारवलेली जमीन पाणी शोषून घेई. परंतु पाणी सांडण्याची कामे मोरीत व परसात होत असल्याने ती पुन्हा वाळत असे. धूर वर, पाणी बाहेर आणि ओझे जमिनीवर, ही तीन सूत्रे जुन्या स्वयंपाकघराच्या रचनेचा पाया होत. पुढील काळातील बहुतेक हानी या सूत्रांचा भंग झाल्यामुळे घडलेली दिसते.

बदलाचा क्रम : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चूल व कोळशाची शेगडी हीच साधने होती. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेला प्रायमस स्टोव्ह विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी घरांत आला. १९६५ पासून ‘इंडेन’ या नावाने द्रवरूप पेट्रोलियम वायूची विक्री सुरू झाली व तो प्रथम शहरांत आणि पुढे गावांत पोहोचला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने त्याचा ग्रामीण भागातील प्रसार वाढविला. गॅसच्या शेगडीबरोबर उभा ओटा आला, ओट्याबरोबर नळ व धुण्याचे भांडे, त्यांच्याबरोबर चकचकीत फरश्या व सिमेंटचा गिलावा. उभा ओटा ही कल्पना मुळात येथील नव्हे. कमी जागेत कमी श्रमांत काम व्हावे म्हणून मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पज्ञ महिलेने १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ हे आधुनिक ओटेवजा स्वयंपाकघराचे एक महत्त्वाचे पूर्वरूप मानले जाते. ते नव्या घरांसाठी होते; जुन्या घरात तीच मांडणी जशीच्या तशी बसविताना घराची हानी झाली.

वाड्यांच्या बाबतीत आणखी एक कारण घडले. वारसांमध्ये वाटण्या झाल्या, काही खोल्या भाडेकरूंना दिल्या गेल्या आणि एका वाड्यात एका स्वयंपाकघराऐवजी चार-पाच स्वयंपाकघरे उभी राहिली. ओसरी, माजघर, इतकेच नव्हे तर माडीवरील खोल्यांतही मोऱ्या व ओटे बांधण्यात आले. ज्या लाकडी तक्तपोशीवर पूर्वी पाण्याचा थेंब पडत नसे, तिच्यावर रोज पाणी वाहू लागले. मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम (१९४७) व त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम (१९९९) यांखालील जुनी भाडी अल्प असल्याने मालकास दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूस ती आपली जबाबदारी वाटत नाही, अशी कोंडी अनेक ठिकाणी निर्माण झाली.

ऱ्हासाची कारणे : (१) पाणी : मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीलगत धुण्याचे भांडे बसवून नळ भिंतीत गाडल्यास गळती दिसत नाही व ओल केशाकर्षणाने वर चढते. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक प्रथम कुजते. बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आधारावरच पोकळ झालेली असते. (२) सिमेंट : सिमेंटचा कठीण गिलावा भिंतीतील ओलावा अडवून ठेवतो. बाहेर पडू न शकलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूपाने साचतात व मूळ वीट किंवा माती भुसभुशीत करतात. (३) वजन : ३० सेंमी. जाडीच्या कोरड्या मातीचे वजन दर चौ. मी.ला सु. ४५० किग्रॅ. भरते, भिजल्यावर ते वाढते. दरवर्षी जुनी माती न काढता नवी टाकीत गेल्यास छत कड्यांना पेलत नाही. गळती थांबविण्यासाठी त्यावर १० सेंमी.चा काँक्रीटचा थर ओतल्यास दर चौ. मी.ला आणखी सु. २५० किग्रॅ. भार पडतो आणि खालचे लाकूड हवेस मुकते. (४) बंद झालेली हवा : चूल गेल्यावर साणे बुजविले जाते. गॅसच्या ज्योतीतून धूर दिसत नसला, तरी एक किग्रॅ. गॅस जळताना सु. दीड किग्रॅ. पाण्याची वाफ तयार होते. ती थंड भिंतींवर व कड्यांवर साचून बुरशी व वाळवीस पोषक परिस्थिती निर्माण करते. (५) अग्नी : लाकडी सांगाड्याच्या घरात जुन्या वीजतारा व उघड्या ज्योती यांचा धोका मोठा असतो. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये लागलेल्या आगीत जवळजवळ सर्वस्वी नष्ट झाला. त्याची दगडी जोती, तट व दरवाजे तेवढे उरले.

जतनाची तत्त्वे : ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे १९६४ च्या व्हेनिस सनदेत ग्रथित झाली. वास्तूचा समाजोपयोगी वापर तिच्या जतनास साहाय्यक ठरतो, परंतु त्यासाठी तिची मांडणी वा अलंकरण बदलू नये. नवा भाग जुन्याशी सुसंवादी, तरीही ओळखू येईल असा असावा, ही त्यांतील दोन तत्त्वे स्वयंपाकघराला नेमकी लागू पडतात. लोकवास्तूंविषयीच्या १९९९ च्या सनदेत परंपरागत बांधकाम-कौशल्ये व राहत्या लोकांच्या गरजा यांना महत्त्व देण्यात आले. प्रत्यक्षात दोन मार्ग संभवतात. एक म्हणजे खोली प्रदर्शनीय अवस्थेत जपणे. इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याची सोळाव्या शतकातील पाकगृहे अशी जपली असून तेथे मोठ्या चुलाण्यात अग्नी पेटवून जुनी पाकक्रिया दाखविली जाते. दुसरा म्हणजे खोली राहत्या घराचा भाग म्हणून वापरात ठेवणे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वाडे खाजगी मालकीचे व राहते असल्याने येथे दुसरा मार्गच व्यवहार्य ठरतो. बंद खोलीपेक्षा वापरातील खोलीकडे रोज लक्ष जाते, हा त्याचा मोठा लाभ होय.

पाहणी व नोंद : कामास हात घालण्यापूर्वी खोलीची मापे घेऊन आराखडा काढणे, छायाचित्रे घेणे आणि निदान एका पावसाळ्यात ओल कोठून येते हे पाहणे आवश्यक असते. कड्या व तुळयांची टोके टोकदार हत्याराने टोचून तपासतात. बद्द आवाज व सहज शिरणारे टोक ही कुजल्याची लक्षणे होत. गिलाव्याचे व रंगाचे थर लहानशा चौकोनात एकेक करून उघडल्यास चूल पूर्वी कोठे होती, साणे केव्हा बुजविले, कोनाडे कोठे लपले आहेत इ. गोष्टी कळतात. काजळीचा पट्टा हा तर चुलीच्या जागेचा विश्वसनीय पुरावा होय. घरातील मोडी कागदपत्रांत वाटणीपत्रे असल्यास त्यांतही खणांचा व मोरीचा उल्लेख सापडू शकतो. त्याहून मोलाची ठरते ती घरातील वृद्ध स्त्रियांची माहिती. कोणता कोनाडा कशासाठी, पाणी कोणत्या वाटेने येई, पावसात धूर कोठे कोंडे, हे त्यांनाच ठाऊक असते आणि ते अन्यत्र कोठेही लिहिलेले नसते.

दुरुस्तीची कामे : क्रम वरून खाली असा ठेवतात. प्रथम छत, मग लाकूड, भिंती आणि शेवटी जमीन. धाब्यावरील साचलेली माती उतरवून, कड्या तपासून, मूळ जाडीपुरतीच नवी माती योग्य उतार देऊन बडवितात. पाणी अडविण्यासाठी चुना व विटांची भुकटी (सुर्खी) यांचा थर काही ठिकाणी वापरतात. साणे पुन्हा उघडून त्यावर सभोवती कठडा व वर काच किंवा पत्र्याचे टोपण अशा रीतीने बसवितात, की कडेने हवा खेळती राहावी व पाऊस आत येऊ नये.

कुजलेली तुळई संपूर्ण बदलण्याची गरज क्वचितच असते. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येतो. टोकाभोवती थोडी हवेशीर पोकळी ठेवल्यास तो टिकतो. लाकडाला बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) हात देण्याची जुनी पद्धत उपयुक्त आहे. चकचकीत व्हार्निश किंवा तैलरंगाचा जाड थर टाळावा.

भिंतींवरील सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून तेथे चुन्याचा गिलावा करतात. कळीचा चुना पाण्यात विरवून काही आठवडे भिजत ठेवावा लागतो. पूर्वी तो वाळूसह बैलांच्या घाणीत दळीत आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाच्या डाळीचे पाणी व तागाचे तंतू मिसळीत. अशा मिश्रणाने चिकटपणा वाढतो व तडे कमी जातात. गिलावा पातळ थरांत देऊन तो सावकाश वाळू द्यावा लागतो. कारण चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो. चुना विरविताना तीव्र उष्णता निर्माण होत असल्याने डोळे व त्वचा यांचे रक्षण करणे अत्यावश्यक असते. वरून चुन्याची सफेदी किंवा कावेचा रंग द्यावा. प्लॅस्टिक रंगाने सच्छिद्रता नष्ट होते.

काजळीचा प्रश्न वेगळा आहे. ती सरसकट खरवडणे योग्य नव्हे. सुटी काजळी मऊ कुंचल्याने व कोरड्या स्पंजाने काढतात. पाण्याने धुतल्यास ती लाकडात व चुन्यात अधिक खोल शिरते. वाळूच्या फवाऱ्याने लाकूड घासल्यास त्याचा पृष्ठभागच नाहीसा होतो. चुलीवरील एखादा भाग तसाच राखून ठेवणे हा खोलीच्या इतिहासाचा पुरावा जपण्याचा साधा उपाय होय.

जमीन करताना तिची पातळी वाढविणे ही नेहमीची चूक होय. जुन्या फरशीवर नवी फरशी घातल्याने उंबरा बुजतो, मोरीचा उतार उलटा होतो, कोनाडे आणखी खाली जातात आणि पाणी माजघराकडे वळते. मूळ दगडी किंवा शहाबादी फरशी उचलून, खालची माती कोरडी करून, चुन्यात पुन्हा बसविता येते. उखळ, जाते व चूल जागच्या जागी ठेवून त्यांभोवती मांडणी करणे बहुतेक वेळा शक्य असते.

नव्या सोयी : आजच्या गृहिणीने वाकून वा धुरात काम करावे, असा आग्रह जतनाच्या नावाखाली धरणे अयोग्य होय. सु. ८० ते ८५ सेंमी. उंचीचा ओटा आवश्यक असल्यास तो भिंतीत न रोवता लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर, भिंतीपासून थोडा सुटा उभा करावा. त्यामुळे मागील भिंत वाळत राहते, कोनाडे मोडावे लागत नाहीत व पुढे ओटा काढून टाकल्यास खोली पूर्ववत होते. धुण्याचे भांडे शक्यतो मूळ मोरीच्या बाजूस, परसाकडील भिंतीजवळ घ्यावे. नळ उघडे ठेवावेत. म्हणजे गळती लगेच दिसते. माडीवरील मोऱ्या बंद करून त्या तळमजल्यावर आणणे हे वाड्याच्या रक्षणाचे सर्वांत परिणामकारक पाऊल ठरते.

गॅसच्या बाबतीत विशेष सावधगिरी लागते. धूर वर चढतो. परंतु द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. म्हणून साणे कितीही मोठे असले, तरी ते गॅसच्या गळतीवर उपाय ठरत नाही. जमिनीच्या पातळीवर बाहेर उघडणारी हवेची वाट लागते. जुन्या खोलीचा उंबरा उंच व परसदार बंद असल्यास गॅस आतच साठतो. गॅसची टाकी बळदात, तळघरात किंवा पेवाजवळ कधीही ठेवू नये. ती परसात, हवेशीर आडोशाला ठेवून नळीने गॅस आत आणणे इष्ट. वीजतारा भिंतीत खाचा पाडून न नेता पृष्ठभागावरील नळ्यांतून न्याव्यात आणि कडीपाटापासून दूर ठेवाव्यात.

सामाजिक बाजू : स्वयंपाकघर ही केवळ वास्तुरचना नव्हे. सोवळ्या-ओवळ्याचे नियम, कोणी कोणत्या दारापर्यंत यावे याची बंधने, जातीनुसार वेगळी ठेवलेली पाण्याची वाट आणि पंक्तीची व्यवस्था ही या खोलीच्या दारा-उंबऱ्यांत व्यक्त झालेली असते. दळण, कांडण, पाणी भरणे व धुरात बसून रांधणे हे श्रम घरातील सुना, आश्रित विधवा व चाकर स्त्रिया करीत. बंदिस्त जागेतील चुलीचा धूर डोळ्यांच्या व श्वसनाच्या विकारांस कारणीभूत होतो, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. म्हणून जुन्या स्वयंपाकघराचे रम्य चित्र रंगविताना पितळी भांडी व मातीची चूल तेवढी मांडून हे सारे वगळल्यास ते जतन अपुरे ठरते. चूल जपावी ती पुन्हा रोज पेटविण्यासाठी नव्हे, तर तिच्यापुढे बसणाऱ्यांच्या श्रमांची साक्ष म्हणून.

कायदे व संस्था : राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने व राज्यातील इतर महत्त्वाच्या वास्तूंना महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमाने संरक्षण मिळते. केंद्रीय अधिनियमातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मी.पर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मी.च्या पट्ट्यात ते नियंत्रित आहे. या क्षेत्रात जुने घर असणाऱ्यांनी दुरुस्तीपूर्वीही परवानगी घेणे आवश्यक असते. १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘इन्टॅक’ ही संस्था असंरक्षित वारशाच्या नोंदीचे व जतनाचे काम करते. अहमदनगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जिल्ह्याच्या इतिहासाची कागदपत्रे व वस्तू आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील भांडी, दिवे, अडकित्ते इ. संग्रह जुन्या गृहजीवनाच्या अभ्यासास उपयुक्त आहे. तथापि संग्रहालयात जाते येते, त्याची जागा येत नाही. ते कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या उजेडात मांडलेले होते, हे घरच सांगू शकते.

जिल्ह्यातील बहुसंख्य जुनी घरे कोणत्याही कायद्याच्या संरक्षणाखाली येत नाहीत. त्यांचे भवितव्य मालकाचा निर्णय, गवंड्याचे ज्ञान आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छतावर टाकावयाची चार पाट्या माती यांवर अवलंबून आहे. चुना विरविणारे, धाबे बडविणारे व तुळईला सांधा देणारे कारागीर कमी होत असल्याने या कौशल्यांचे शिक्षण हाही जतनाचाच एक भाग ठरतो. धूर, पाणी व ओझे यांच्या जुन्या वाटा समजून घेऊन केलेली साधी दुरुस्ती सामान्यतः नव्या बांधकामाहून कमी साहित्यात होते आणि तीत घराची राहण्याची योग्यता व त्याची स्मृती ही दोन्ही टिकतात.